सह्याद्रीत तंबूचा मुक्काम: सामान बांधणं आणि सांभाळणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरात रात्र काढायला निघालेल्या मंडळींकडून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सह्याद्रीतल्या एक-दोन रात्रींच्या मुक्कामासाठी आहेत. भंडारदरा, हरिश्चंद्रगड, राजमाची, पवनेचा काठ अशा जागा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. हिमालयात बर्फावर राहायचं असेल तर यातलं बरंच अपुरं पडेल.

आपल्याकडे तंबू आणि स्लीपिंग बॅगा डोंगरावर फारशा खराब होत नाहीत. परत आल्यावर ओल्याच गुंडाळून माळ्यावर टाकल्या जातात आणि तिथे त्यांची वाट लागते. म्हणून देखभालीच्या प्रश्नांना (१६ ते २३) जास्त जागा दिली आहे. ते वाचल्याशिवाय नवीन तंबू विकत घेऊ नका, अशी मनापासून विनंती.

१. पहिल्यांदाच तंबूत राहायला जातोय. सुरुवातीला काय काय विकत घेऊ?

तीनच गोष्टी: चांगली पकड असलेले बूट, हेडटॉर्च आणि कमरेला पट्टा असलेली सॅक. बूट आणि सॅक आपल्याच अंगाला बसाव्या लागतात, मागून आणलेल्या चालत नाहीत. तंबू, स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅट पहिल्या काही वेळा मित्रांकडून मागा किंवा भाड्याने आणा (काय तपासायचं ते प्रश्न २४ मध्ये). आपल्याला थंडी किती वाजते, पाठीवर किती वजन झेपतं हे एकदा कळलं की खरेदी नेमकी होते.

२. एका रात्रीसाठी सामानाची यादी द्याल का?

झोपण्यासाठी तंबू, स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट. अंगावरच्या कपड्यांखेरीज फक्त एक कोरडा जोड, तो रात्री झोपताना घालायचा आणि एरवी पिशवीतून बाहेर काढायचा नाही. कानटोपी, जाड मोजे, एक स्वेटर किंवा फ्लीस. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट हवीच. कारवीतून आणि काट्यांतून चालताना अर्ध्या चड्डीत पाय सोलवटून निघतात. जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि वाळत नाही.

हेडटॉर्च, काडेपेटी आणि लायटर (दोन्ही, वेगवेगळ्या ठिकाणी), चाकू, शिट्टी, चार-पाच मीटर दोरी, सुई-दोरा, चिकटपट्टी. ताट, वाटी, पेला, चमचा. मलमपट्टी, ओआरएसची पाकिटं आणि रोजची औषधं. कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी मजबूत पिशवी. पाण्याचं प्रश्न १० मध्ये, खाण्याचं ११ मध्ये आहे.

यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. परत आल्यावर जे एकदाही वापरलं नाही त्याच्यापुढे खूण करा. तीन वेळा खूण झालेली वस्तू घरी ठेवायची. मलमपट्टी, शिट्टी आणि जास्तीचा टॉर्च मात्र याला अपवाद.

३. सॅक किती लिटरची हवी, आणि भरायची कशी?

तंबूसह एक-दोन रात्रींना ५० ते ६० लिटरची पुरते. वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा. ६० किलोच्या माणसाला पाण्यासकट १२ किलो म्हणजे पुष्कळ झालं.

तळाला स्लीपिंग बॅग, कारण ती मुक्कामाला पोहोचेपर्यंत लागत नाही. त्यावर कपडे. जड वस्तू, म्हणजे पाणी, शिधा, भांडी, पाठीला चिकटून मध्यभागी. त्या बाहेरच्या बाजूला गेल्या की सॅक मागे ओढते आणि चढावर तोल जातो. तंबूचं कापड आणि दांड्या वेगळ्या करा. दांड्या बाजूला उभ्या आणि कापड मिळेल त्या फटीत कोंबलेलं चालतं. दोघं असाल तर एकाने कापड आणि दुसऱ्याने दांड्या-खुंट्या घ्या. टॉर्च, रेनकोट, खाऊ सगळ्यात वर.

सॅकचं पावसाळी कव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं, त्यामुळे पाणी आत झिरपतं. त्यावर विसंबू नका. सॅकच्या आत आधी एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान त्या पिशवीत भरून तोंड पिळून बांधा. धुतलेली खताची पिशवीही चालते.

४. तंबू घेताना काय पाहायचं? ‘दोन माणसांचा’ खरंच दोघांना पुरतो का?

दोघं झोपतात, पण सॅका बाहेर राहतात. दोघांसाठी तीन माणसांचा घ्या.

तंबू दोन थरांचा हवा: आत जाळी असलेला तंबू आणि त्यावर ताणून बसणारं, जमिनीपर्यंत येणारं वेगळं कव्हर, ज्याला दुकानात फ्लाय म्हणतात. स्वस्त तंबूंना एकच थर असतो आणि डोक्यावर टोपीएवढा तुकडा. तसा तंबू थंडीत दवाने आतून ओला होतो आणि पावसात दोन्हीकडून. कापड किती पाण्याचा दाब सोसतं ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. फ्लायला १५०० ते २००० आणि तळाला ३००० मिमी असेल तर आपल्या पावसाळ्याच्या कडेकडेच्या दिवसांना पुरतं. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे ना, ते बोट फिरवून पाहा. पाणी कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त येतं. दांड्या ॲल्युमिनियमच्या असतील तर उत्तम. फायबरच्या स्वस्त असतात, पण जड आणि उभ्या चिरणाऱ्या.

आणि विकत आणलेला तंबू घराच्या अंगणात किंवा गच्चीवर एकदा उभा करून पाहा. अंधारात, वाऱ्यात, पहिल्यांदाच तो उलगडायची वेळ येऊ देऊ नका.

५. पाऊस नव्हता, तरी सकाळी तंबू आतून ओला. गळतो का?

बहुतेक वेळा नाही. दोन माणसं रात्रभर श्वासातून बरीच वाफ सोडतात. बाहेर थंडी असली की ती गार कापडावर जमते आणि थेंब खाली पडतात. ऑक्टोबर ते जानेवारीत, त्यातही धरणाकाठी, हे हमखास होतं.

उपाय हवेचा. फ्लायच्या वरच्या झडपा उघड्या ठेवा, दाराची चेन वरून वीतभर उघडी ठेवा (आतल्या जाळीची मात्र पूर्ण बंद, कारण प्रश्न १५ मध्ये). फ्लाय आतल्या तंबूला कुठेही टेकू देऊ नका; दोऱ्या ताणल्या की मध्ये अंतर राहतं. ओले कपडे आत वाळत घालू नका. पाण्यापासून थोडं वर आणि लांब तंबू लावला तरी फरक पडतो.

खरी गळती ओळखायची तर पाऊस नसताना फ्लायवर बाटलीने पाणी ओता आणि आत बसून शिवणी पाहा.

६. तंबूखाली प्लास्टिक अंथरावं का?

हो. तळाचं कापड वाचतं. फक्त ते प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडं लहान हवं. कडा बाहेर राहिल्या तर फ्लायवरून ओघळणारं पाणी त्यावर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली साठतं. फ्लेक्सचा जुना तुकडा यासाठी चांगला टिकतो. अंथरण्याआधी जागेवरचे खडे आणि गवताचे खुंट हाताने वेचा.

७. कातळावर खुंट्या ठोकल्या जात नाहीत. काय करायचं?

सह्याद्रीचा माथा म्हणजे बेसॉल्टचा सडा, वर चार बोटं माती. खुंटी वाकते, आत जात नाही. दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्या दगडावर दुसरा दगड ठेवा. किंवा पिशवीत माती-खडे भरून तिला दोरी बांधा आणि सकाळी पिशवी रिकामी करून परत आणा.

दगड शोधताना पडक्या तटबंदीचा, जोत्याचा, समाधीचा एकही दगड उचलू नका. ती पडझड दिसत असली तरी तो इतिहास आहे. एकेकाने एकेक दगड हलवून कित्येक गडांवरच्या वाड्यांची जोती नाहीशी होत आली आहेत.

कोकणकड्यासारख्या जागी तंबू कड्याच्या काठाला लावायचा मोह होतो. दरीतून वर येणारा वारा तिथे अचानक उसळतो आणि माणूस रात्री लघवीला उठला की झोपेत दिशा चुकते. काठापासून भरपूर मागे, एखाद्या उंचवट्याच्या आडोशाला लावा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला.

८. थंडी किती असते? कोणती स्लीपिंग बॅग पुरेल?

डिसेंबर-जानेवारीत १,४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) पायथ्याशी पहाटे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो, थंडीची लाट असेल तर ५ पर्यंत. वारा असला की त्याहून गार वाटतं.

बॅगेवर तीन आकडे असू शकतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानाला आरामात झोप लागेल ते. ‘लिमिट’ म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघेल. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल एवढंच. दुकानदार मोठ्या अक्षरात शेवटचा आकडा दाखवतात, तुम्ही पहिला पाहा. कम्फर्ट ५ ते १० अंश असलेली बॅग आपल्याकडे वर्षभर पुरते. उणे १० वाली बॅग घेऊन इकडे आलात तर मध्यरात्री घामाघूम होऊन चेन उघडून झोपाल आणि पहाटे गारठाल.

पिसांची की सिंथेटिक? सह्याद्रीसाठी माझा कौल सिंथेटिकला. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते, पण ओल लागली की पिसं बसतात आणि ऊब जाते. आपल्या दमट हवेत ती घरात सांभाळणंही अवघड.

९. कॅरीमॅट नसली तर चालेल ना? खाली गवत आहे.

नाही चालणार. अंगाखाली बॅगेचा भराव दबतो आणि ऊब देत नाही. रात्रीची थंडी जमिनीतूनच चढते. साधी फोमची गुंडाळी स्वस्त आणि न फाटणारी असते. हवा भरायची गादी घेतली असेल तर ती तोंडाने फुगवू नका. श्वासातली वाफ आत जाऊन बुरशी धरते. पंप किंवा पिशवी वापरा आणि घरी ती झडप उघडी ठेवून, पसरून ठेवा.

१०. पाणी किती न्यायचं? गडावरच्या टाक्यातलं पिऊ शकतो का?

चढताना माणशी ३ लिटर. मुक्कामी पाणी मिळण्याची खात्री नसेल तर स्वयंपाकाला आणखी २. जानेवारीनंतर बरीच टाकी आटतात किंवा शेवाळतात, म्हणून पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय टाक्याच्या भरवशावर चढू नका.

टाक्यातलं पाणी स्वच्छ दिसलं तरी प्रक्रिया केल्याशिवाय पिऊ नये. फडक्याने गाळा आणि खळखळून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या. क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंबही चालतात, त्यांना पाकिटावर लिहिलेला वेळ द्या. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. भांडी टाक्यात बुडवून घासू नका आणि साबण तर टाक्याच्या आसपासही नको. पुढच्या माणसालाही तेच पाणी प्यायचं आहे.

११. खायला काय नेऊ?

पहिल्या जेवणाला घरचा डबा: दशम्या, धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. रात्रीला डाळ-तांदळाची खिचडी. त्यासाठी धुऊन कडक वाळवलेले तांदूळ-डाळ, हळद, तिखट, मीठ, मसाला हे सगळं मोजून एकाच पिशवीत घरूनच मिसळून न्या. तेल छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, ती बाटली पुन्हा पिशवीत. वाटेत खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या.

हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गावातली मंडळी पिठलं-भाकरी करून देतात. ती जरूर घ्या. गरम मिळतं, ओझं कमी होतं आणि चार पैसे गावात राहतात. थर्माकोलच्या ताटल्या नेऊ नका. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे.

१२. चूल पेटवावी की गॅस न्यावा?

गॅस. लाकडं गोळा करण्यासाठी झाडं तोडली जातात आणि फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. वणव्यात कारवीची रोपं, जमिनीवरची घरटी, सरडे, सगळं जळतं. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हाही आहे. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात. अशा हल्ल्यांत गडांवर माणसं दगावली आहेत. मोहोळाच्या परिसरात धूर, अत्तर आणि आरडाओरडा, तिन्ही टाळा.

२३० ग्रॅमचा एक कॅन दोघांना दोन दिवस पुरतो. १ लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात दुप्पटही. आडोसा करताना मात्र कॅनला चारी बाजूंनी झाकू नका. तो तापून फुटू शकतो.

१३. गॅसचा कॅन रेल्वेने किंवा विमानाने नेता येतो का?

दोन्हीकडे नाही, अगदी सीलबंद असला तरी. रेल्वेत धोकादायक वस्तू नेल्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एसटीनेही नेऊ नका. बर्नर रिकामा, पुसलेला, वास न येणारा असेल तर तो वेगळा न्या आणि कॅन मुक्कामाजवळच्या मोठ्या गावात घ्या. पॉवर बँकेचं प्रश्न २३ मध्ये.

१४. पाऊस आला तर तंबूत स्वयंपाक केला तर?

करू नका. शेकोटीचे निखारे किंवा शेगडी ऊब म्हणून आत घेऊन झोपणं तर त्याहून भयंकर. बंद जागेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपेतला माणूस उठतच नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे ८ पर्यटक गॅस हीटर लावून झोपले आणि दगावले. ती तर रिसॉर्टची खोली होती. तंबू तिच्याहून कितीतरी लहान. शिवाय तंबूचं कापड काही सेकंदांत पेटतं. पावसाची शक्यता असेल तर न शिजवता खाण्यासारखं एक जेवण जास्तीचं ठेवा.

१५. साप-विंचवांची भीती वाटते. काय काळजी घ्यायची?

जाळीची चेन कायम बंद. आत शिरताना उघडायची आणि लगेच लावायची. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की कित्येकदा कळतही नाही. बंद जाळीचा तंबू हाच तिच्यापासूनचा सर्वांत चांगला बचाव आहे. बूट तंबूच्या आत पिशवीत ठेवा आणि घालण्याआधी उलटे करून झटका. खरकटं लांब ठेवा, कारण त्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. दगड उचलताना आधी काठीने हलवा. फुरसं आणि विंचू दोन्ही तिथेच असतात.

साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर ते हृदयावर जातं आहे, वेळ घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून कोकणातले कितीतरी जीव वाचले आहेत, मात्र रोगी वेळेत पोहोचला पाहिजे.

१६. मुंबईत फ्लॅट आहे, गच्ची नाही. ओला तंबू वाळवायचा कुठे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही.

निघतानाच सुरुवात करा. सकाळी फ्लाय काढून उलटा करा, झटका, फडक्याने पुसा आणि चहा होईपर्यंत झुडपावर नव्हे, दोरीवर टाका. गुंडाळताना ओला फ्लाय वेगळ्या पिशवीत, कोरडा आतला तंबू वेगळा. सगळं एकत्र कोंबलं की कोरडंही ओलं होतं.

घरी पोहोचलात की किती दमलात याला महत्त्व नाही: अंघोळीच्या आधी तंबू पिशवीतून बाहेर. फ्लाय बाथरूममधल्या दोरीवर, आतला तंबू दारावर किंवा दोन खुर्च्यांवर, पंखा पूर्ण वेगात. काही तासांनी उलटापालट. कापड लवकर वाळतं. शिवणी, कोपरे, दोऱ्या आणि चेनच्या पट्ट्या मागे राहतात. त्यांना हात लावून पाहा. पावसाळ्यात मुंबईची हवाच इतकी दमट असते की दोन दिवसही लागतात. बाल्कनीत तासभर कोवळं ऊन चालेल, पण दिवसभर कडक उन्हात टाकू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन-पॉलिएस्टर जिरतं आणि पुढे नखानेही फाटतं.

वाळल्यावर दिलेल्या छोट्या पिशवीत घट्ट कोंबू नका. मोठ्या सुती पिशवीत किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. डांबरगोळ्या नकोत, तो वास बंद तंबूत रात्रभर डोकं उठवतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वापर नसला तरी महिन्यातून एकदा पिशवी उघडून कापडाला हवा द्या.

१७. तंबूवर काळे ठिपके आलेत. जातील का?

ती बुरशी आहे. डाग पूर्ण जाणार नाहीत, वाढ थांबवता येते. आधी बाहेर नेऊन कोरडाच झटका. मग पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर स्पंजने लावा, थोड्या वेळाने साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळवा. ब्लीच किंवा फरशी पुसायचं ॲसिड लावू नका, डागाबरोबर कापडही जातं. घरात कुणाला दमा असेल तर हे काम त्याला देऊ नका.

१८. चार वर्षांनी तंबू काढला तर फ्लाय आतून चिकट आणि घाणेरडा वास. धुऊन जाईल का?

नाही. बुरशी वेगळी आणि हे वेगळं. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. ओल आणि उष्णता मिळून तो लेप हळूहळू विघटित होतो आणि चिकट होतो. एकदा ही क्रिया सुरू झाली की मागे फिरत नाही. असा फ्लाय पाणी अडवणार नाही. उन्हाळ्यात सावलीसाठी वापरा, चांगले भाग कापून ठिगळांना ठेवा, दांड्या-खुंट्या जपून ठेवा. हे टाळायचा मार्ग प्रश्न १६ मध्येच आहे.

१९. तंबू किंवा रेनकोट वॉशिंग मशीनमध्ये टाकू का?

तंबू कधीच नाही. पिळण्यात लेप आणि शिवणीच्या पट्ट्या सुटतात. तो उभा करून कोमट पाण्यात सौम्य साबण घालून स्पंजने पुसा. कपड्यांची पावडर आणि फॅब्रिक कंडिशनर दोन्ही टाळा. रेनकोटसाठी त्याच्या आतल्या पट्टीवर काय लिहिलं आहे ते पाहा. काही प्रकार मशीनमध्ये चालतात. डास पळवणारं डीटयुक्त औषध लावलेल्या हाताने तंबू, चष्मा, घड्याळ हाताळू नका, त्याने प्लास्टिक विरघळतं.

२०. स्लीपिंग बॅग किती वेळा धुवायची आणि कशी ठेवायची?

जितकी कमी तितकी चांगली. आत सुती चादरीचं अस्तर शिवून घ्या आणि तेच धूत राहा. दुमडलेल्या साडीची लांब पिशवी हे उत्तम अस्तर आहे. धुवायचीच झाली तर बादलीत किंवा टबमध्ये सौम्य साबणाने, हाताने दाबत. पिळू नका. उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या, पाण्याच्या वजनाने आतली शिवण उसवते. सावलीत आडवी वाळवा. पिसांची असेल तर वाळताना गुठळ्या बोटांनी मोकळ्या कराव्या लागतात, यात दोन-तीन दिवस जातात.

घरी ती दाबून ठेवू नका. भराव कायमचा बसतो. कपाटात हँगरला लटकवा किंवा मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा.

२१. चेन लागत नाही, दांडी चिरली. तंबू फेकायचा का?

अजिबात नाही. चेन लावूनही मागे उघडत असेल तर रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलके दाबा. तरी जमलं नाही तर बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, तो थोडक्या पैशात रनर बदलून देतो. अडकणाऱ्या चेनवर आधी जुना टूथब्रश, मग मेणबत्ती फिरवा. तेल लावू नका, त्याला धूळ चिकटते.

दांडी चिरली तर चिरेवर बसणारी धातूची छोटी नळी सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा. अशी नळी बऱ्याच तंबूंसोबत येते आणि लोक ती काय आहे हे न कळल्याने फेकतात. दांडी घडी करताना टोकाकडून नको, मधून सुरुवात करा. आतल्या रबरी दोरीवर ताण सारखा पडतो.

२२. बूट वर्षभर कपाटात होते आणि पहिल्याच दिवशी तळ निघाला. असं कसं?

न वापरल्यानेच. मधल्या थराचं पॉलियुरेथेन दमट हवेत आपोआप झिजतं, कारण प्रश्न १८ सारखंच. मुक्कामाच्या आठवडाभर आधी बूट घालून तासभर चाला आणि तळ वाकवून पाहा. चिकटपट्टी जवळ असली तर तळ बांधून उतरता येतं. ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका. आतला तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते बदलत राहा.

२३. टॉर्च, सेल आणि पॉवर बँक कशी सांभाळायची?

घरी आल्यावर टॉर्चमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळतात आणि टॉर्चचे पत्रे गंजतात. पॉवर बँक अर्धी चार्ज करून ठेवा, पूर्ण रिकामी कधीच नको. विमानात ती फक्त हातातल्या बॅगेत न्यायची, १०० वॅट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे चालते. डोंगरात थंड रात्री फोन स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

२४. भाड्याने तंबू घेताना काय तपासू?

दुकानातच पूर्ण उभा करून मागा. खुंट्या मोजा, सगळ्या चेन दोनदा उघडझाप करा, फ्लायला आतून हात लावून चिकटपणा पाहा, जाळीतली भोकं पाहा, वास घ्या. आधीच असलेल्या फाटलेल्या जागांचे फोटो काढून मालकाला तिथेच पाठवा. स्लीपिंग बॅग भाड्याची असेल तर प्रश्न २० मधलं अस्तर घरून न्याच.

२५. काजवे बघायला जायचंय. वेगळं काय लागतं?

काजव्यांचा काळ मे अखेर ते जूनचा मध्य, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची परिसरात. वळीव आणि पहिला पाऊस याच दिवसांत येतो, विजा आणि झंझावातासकट. फ्लाय पहिल्यापासून लावा, जास्तीच्या दोऱ्या ताणा, ओढ्याच्या पात्रात किंवा एकट्या झाडाखाली तंबू नको. विजा जवळ आल्या तर तंबू सोडून गावातल्या घरात किंवा गाडीत बसा. टॉर्चला लाल कागद लावा आणि प्रकाश पायांपुरताच ठेवा. हा काजव्यांच्या मीलनाचा काळ आहे, मादी प्रकाशाच्या खुणेनेच नर ओळखते. गाडीचे दिवे आणि फ्लॅश मारत फिरणाऱ्यांमुळे झाडंच्या झाडं विझतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनखात्याचे वेळेचे निर्बंध असतात, ते पाळा.

२६. कोणत्याही किल्ल्यावर तंबू लावता येतो का?

नाही. अनेक किल्ले केंद्रीय किंवा राज्य पुरातत्त्व विभागाची संरक्षित स्मारकं आहेत, काही अभयारण्यांत आहेत. रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड यांच्यासह १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे तिथे अधिकच जपायला हवं. गेल्या वर्षी मित्र राहिला होता हा पुरावा धरू नका. पायथ्याच्या गावात किंवा वनखात्याच्या चौकीत विचारा. परवानगी नसेल तर गावात, मालकाला विचारून शेतात किंवा शाळेच्या पटांगणात तंबू लावा आणि पहाटे गड चढा.

२७. अमेरिकेहून सुट्टीला येतोय. गार्मिनचा इनरीच सोबत आणू का?

आणू नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण बाळगता येत नाही, आणि विमानतळांवर यासाठी पर्यटकांना ताब्यात घेतलं गेलं आहे. साधं जीपीएस घड्याळ चालतं. सह्याद्रीत त्यापेक्षा उपयोगी म्हणजे नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घेणं, वाट आणि परतायची वेळ घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून ठेवणं.

२८. मुलीकडे न्यूझीलंडला जातोय. आपला तंबू आणि बूट नेता येतील?

नेता येतील, पण वापरलेलं कॅम्पिंगचं सामान आगमनाच्या अर्जात जाहीर करावंच लागतं. माती, बिया, गवताची काडी यांतून परके रोग आणि किडी येऊ नयेत म्हणून तिथे कडक तपासणी होते आणि न सांगितल्यास ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर बसतो. बुटांच्या तळातल्या खाचा टाचणीने कोरून धुवा, तंबूच्या कोपऱ्यातली आणि खुंट्यांवरची माती काढा, वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने उपसा. सगळं कोरडं करून बॅगेत वरच ठेवा, म्हणजे अधिकाऱ्यांनी मागितल्यावर पूर्ण बॅग उपसावी लागणार नाही. ऑस्ट्रेलियालाही हेच लागू आहे.